मदतीतला मोठेपणा

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गटप्रमुख कोणाला करायचं, यावरून आमच्या महाविद्यालयातल्या दोघा प्राध्यापकांचा वाद बरीच वर्षं चालू आहे. एक आमचे कार्यक्रम अधिकारी, भूगोल शिकवतात. दुसऱ्या मानसशास्त्राच्या मॅडम. यंदाच्या हिवाळी शिबिरात मॅडम 'व्यक्तिमत्त्व' या विषयावर बौद्धिक सत्र घ्यायला आल्या होत्या. रात्रीची जेवणं उरकली, मुलं वर्गखोल्यांत सतरंज्या अंथरू लागली आणि जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात हा वाद पुन्हा निघाला. मी मराठीचा शिक्षक, शिबिरात सहायक म्हणून गेलेला. मी फारसं बोललो नाही. जे ऐकलं ते इथे मांडतो आहे, कारण तो प्रश्न आमच्या एका कॉलेजपुरता नाही. ज्या मुलाला स्वतःचं फार कौतुक आहे तो दुसऱ्याच्या उपयोगी पडतो का, आणि पडला तर कसा?

गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातलं, कमी पावसाचं. ओढ्याला अजून थोडी धार होती, म्हणून वनराई बंधारा घालायचं काम घेतलं होतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गावातून गोळा करायच्या, त्यांत वाळू-माती भरायची, तोंडं शिवायची आणि थरावर थर रचत न्यायचे. शिबिर सात दिवसांचं, मुलं-मुली मिळून पन्नास.

सर : मॅडम, सत्र मुलांना आवडलं. पण तुम्ही नार्सिसिझमवर, म्हणजे आत्मप्रौढीवर आलात तेव्हा सगळी पोरं एकाच पोराकडे बघायला लागली.

मॅडम : बघितलं मी. तेच मला नको होतं. म्हणून तर लगेच सांगितलं की आजार वेगळा आणि स्वभाव वेगळा. आजाराचं निदान डॉक्टरांनी करायचं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत तो १९८० साली आला. आपण बोलतोय ती स्वभावाची छटा आहे आणि ती कमीजास्त प्रमाणात सगळ्यांत असते. मी इतरांपेक्षा कुणीतरी विशेष आहे, लोकांनी माझ्याकडे बघावं, मला मान द्यावा, मला हवं ते मिळायलाच पाहिजे, असं सगळं मिळून ती होते. रास्किन आणि हॉल यांनी १९७९ मध्ये तिच्यासाठी प्रश्नावली केली. १९८८ मध्ये रास्किन आणि टेरी यांनी ती ४० जोड्यांवर आणली. प्रत्येक जोडीत दोन वाक्यं, त्यांतलं आपल्याला जास्त लागू पडणारं निवडायचं. ही प्रश्नावली घडली तीच कॉलेजच्या मुलांवर.

सर : बरं, मग आपण त्या पोराबद्दलच बोलू. टेम्पोतून सामान उतरवायला पुढे कोण? तो. सरपंचांकडे जाऊन पाण्याच्या टँकरचं ठरवायला कोण? तो. तरुण मंडळाकडून घमेली, फावडी, दोन टिकाव मागून आणले त्यानं. प्रभातफेरीत घोषणा तोच देतो. पन्नासांत अशी तीन-चारच मुलं असतात. बाकीची गुणी आहेत, सांगितलेलं काम मुकाट्यानं करतात, पण चार अनोळखी माणसांशी बोल म्हटलं की त्यांची मान खाली जाते. आज बंधारा चार थर वर आला तो कोणामुळे?

मॅडम : त्याच्यामुळे आला असं तुम्ही म्हणताय की तो म्हणतो?

सर : दोघंही म्हणतो.

मॅडम : कॅनडातले डेल्रॉय पॉलहस म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे छोटे चर्चागट केले, दर आठवड्याला त्यांना एकत्र बसवलं, सात वेळा. स्वतःला आहे त्यापेक्षा मोठं समजणारी मुलं पहिल्या बैठकीनंतर इतरांना आवडली. हुशार वाटली, मनमोकळी वाटली. सातव्या बैठकीपर्यंत मत फिरलं होतं. तीच मुलं इतरांना बढाईखोर आणि तुसडी वाटायला लागली.

सर : मला सातच दिवस हवेत, मॅडम. बंधारा सात दिवसांत होतो.

सरांचं हे उत्तर उडवाउडवीचं नव्हतं. कार्यक्रम अधिकाऱ्याच्या डोक्यावर काय काय असतं ते मी जवळून बघतो. पन्नास मुलांचं दोन वेळचं जेवण, मुलींच्या राहण्याची नीट सोय, पालकांची संमतिपत्रं, कोणाला रात्री ताप आला तर गाडी, शेवटी विद्यापीठाला अहवाल आणि पैशापैशाचा हिशोब. अशा माणसाला सांगण्याआधी उठणारा मुलगा मिळाला तर तो त्याला धरूनच ठेवणार. त्या मुलाच्या मनात काय चाललंय हे बघायला त्याच्यापाशी वेळ नसतो. तरीही मॅडमनी नंतर सांगितलेली गोष्ट मला बाजूला सारता आली नाही.

मॅडम : आज दुपारी ब्लँकेटं वाटली ना तुम्ही? खालच्या आळीला मी मुलांबरोबर होते. एका घरात म्हातारी एकटी. मुलगा पुण्याला असतो, कंपनीत. तुमच्या पठ्ठ्यानं तिच्या हातात ब्लँकेट दिलं. तिनं ते छातीशी धरलं, त्याला काहीतरी विचारायला लागली. बहुतेक 'कुठला रे तू, कुणाचा' असं. एवढ्यात फोटो काढणारा मुलगा म्हणाला, नाही आला, हललाय. तर यानं ते ब्लँकेट तिच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाला, "आजी, परत एकदा घ्या, इकडं बघून." तिनं पुन्हा हात पुढे केले. पदर सावरला. तिसऱ्यांदा फोटो आला. तोवर ती काय विचारत होती ते तिचं तीच विसरली. मुलं पुढच्या घराला गेली.

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत.

सर : तसं करायला नको होतं. सांगतो मी त्याला. पण मॅडम, ब्लँकेट आजीपाशी राहिलं की नाही? आज रात्री तिच्या अंगावर ते असेल की नाही? थंडीला तुमचा हेतू कळत नाही.

मॅडम : ब्लँकेट राहिलं, कबूल. पण द्यायला चार हात आत गेले आणि घ्यायला एकच बाई होती. तिला पुन्हा पुन्हा हात पसरायला लावले. मदतीचा हिशोब मांडताना हे खर्चाच्या बाजूला लिहायचं की नाही?

सर : लिहा. पण जमेची बाजूही पूर्ण लिहा. आपल्याकडं देवळाच्या पायरीवर, पंख्यावर, एसटी स्टँडच्या बाकड्यावर देणाऱ्याचं नाव असतं. अमुक यांच्या स्मरणार्थ. नाव लागणार म्हणून पैसे दिले असतील, पण उन्हात थांबलेल्या माणसाला बाकडं मिळालं ना? सरकारनं २०००-०१ मध्ये गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. त्यात काय होतं? स्पर्धा, तपासणी, बक्षीस. बाबा स्वतः खराटा घेऊन गाव झाडायचे आणि पाया पडायला आलेल्याला पाया पडू द्यायचे नाहीत. त्यांच्या नावाचं अभियान मात्र बक्षिसावर चाललं, आणि गावंच्या गावं रस्त्यावर उतरली. पहिला नंबर आपला यावा हीच ईर्षा होती. पुढे पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेतही आपल्या या माण-खटाव भागात तीच ईर्षा बघितली मी. मध्यरात्री लोक चर खणत होते. त्या माणसांना तुम्ही प्रश्नावली देणार का?

मॅडम : नाही देणार. आणि तुमच्या बाजूचं एक संशोधनही मीच सांगते. डॅन एरिली आणि त्याचे सहकारी, २००९. प्रिन्स्टन विद्यापीठातली मुलं. कळफलकावरची दोन बटणं आळीपाळीनं दाबत राहायची, जितकी दाबाल तितकी देणगी संस्थेला. काहींनी एकांतात दाबली, काहींना नंतर सगळ्यांसमोर आपला आकडा सांगायचा होता. रेड क्रॉससारख्या सगळ्यांना मान्य असलेल्या संस्थेसाठी, लोकांना कळणार म्हटल्यावर मुलांनी जास्त जोर लावला. म्हणजे कुणी बघतंय म्हटलं की माणूस चांगलं काम जास्त करतो, हे खरं.

सर : बघा!

मॅडम : पुढचं ऐका. त्याच कामाला स्वतःसाठी थोडे पैसे जोडले. एकांतात पैशामुळे काम वाढलं. चारचौघांत मात्र पैशाचा काहीच उपयोग झाला नाही. लोक म्हणतील पैशासाठी करतोय, म्हणून चांगुलपणाची शोभाच गेली. आपल्याकडं सेवा योजनेत भाग घेतला की दहा गुण आहेत, आता नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिटही आहे. वर व्यासपीठ, सत्कार, फोटो. आमिषावर आमिष ठेवलं की दुप्पट काम होईल असं आपण धरून चालतो. तसं होतंच असं नाही.

सर : गुण काढले तर निम्मी मुलं येणार नाहीत. आणि जी येणार नाहीत तीच मला यायला हवी असतात. योजनेचं काम दोन वर्षं, वर्षाला १२० तास. रविवारी शेतावर रोजानं जाणारा मुलगा तेवढे तास कुठून काढणार? घरी काहीतरी सांगावं लागतं त्याला. गुण मिळतात म्हटलं की बाप सोडतो.

या मुद्द्यावर मॅडमनी मान डोलावली. गुणांवरून मुलांना नावं ठेवणारे बहुतेक जण ज्या घरांतून आलेले असतात त्या घरांत रविवारच्या मजुरीचा प्रश्न नसतो, असं मलाही वाटतं. पण सरांना जे खरं सांगायचं होतं ते यापुढचं.

सर : तुम्ही ज्याला आत्मकौतुक म्हणता ना, ते मला वेगळं दिसतं. हा पोरगा कुठून आला माहीत आहे का? आई दुसऱ्याच्या शेतावर खुरपायला जाते. वडील नाहीत. शाळेत शेवटच्या बाकावर. दहावीला कसाबसा पास. त्याच्या आयुष्यात कुणी त्याला शाब्बास म्हटलं नव्हतं. पहिल्या वर्षी शिबिराला आला तेव्हा जेवणाच्या पंगतीतसुद्धा कोपऱ्यात बसायचा. एकदा ट्रॅक्टर चिखलात रुतला. त्यानं दगड कसे लावायचे ते सांगितलं आणि ट्रॅक्टर निघाला. रात्री मी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या. त्या रात्रीपासून हा मुलगा बदलला. आज तो सरपंचांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतो. त्याला टाळ्या हव्यात, हो, हव्यात. अठरा-एकोणीस वर्षांच्या भुकेल्या पोरानं दोन भाकऱ्या जास्त मागितल्या तर त्याला हावरट म्हणायचं का?

मॅडम : नाही म्हणायचं. सर, हे तुम्ही बरं सांगितलंत. मला हे माहीत नव्हतं. आणि शास्त्रही तुमच्या इतकं विरोधात नाही. मिट्या बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नार्सिसिझमचे दोन धागे वेगळे केले. एक कौतुक मिळवण्याचा. मी चमकावं, लोकांनी वाहवा करावी. या धाग्याची माणसं गप्पिष्ट असतात, लोकांना ओढून घेतात. दुसरा धागा चढाओढीचा. इतर कोणी वर येऊ नये, आला तर त्याला खाली ओढायचं. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, पण परिणाम वेगळे होतात. तुम्ही त्याच्यातला पहिला धागा बघताय. मी दुसरा शोधतेय.

सर : आणि सापडला का?

मॅडम : अजून नाही. म्हणून मी त्याच्यावर शिक्का मारत नाही. पण तुम्हाला एक विचारते. मागे एकदा 'उत्कृष्ट शिबिरार्थी' पुरस्कारावरून एका मुलानं काय केलं होतं?

सर : तो वेगळाच मुलगा होता.

मॅडम : काय केलं होतं?

सर : पुरस्कार दुसऱ्याला गेला. समारोपाला तो थांबलाच नाही. नंतर ज्याला मिळाला त्याच्याबद्दल वाटेल ते लिहिलं ग्रुपवर. राजीनामा दिला. सहा दिवस मरमर काम केलं होतं त्यानं.

मॅडम : त्याचं काम खरं होतं, आणि त्याचा रागही खराच होता. बुशमन आणि बाउमाइस्टर यांनी १९९८ मध्ये कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला. मुलांनी निबंध लिहायचा आणि दुसऱ्या कुणीतरी त्यावर वाईट शेरा मारायचा. नंतर एका खेळात त्या दुसऱ्याला मोठ्या आवाजाचा दणका द्यायची संधी. ज्यांचा नार्सिसिझम जास्त होता त्यांनी शेरा मारणाऱ्याला सगळ्यांत मोठे दणके दिले. अपमान न करणाऱ्याला त्यांनी तसे मोठे दणके दिले नाहीत. ही माणसं सदासर्वकाळ वाईट असतात असं नव्हे. त्यांना मिळायलाच हवं असं वाटतं ते मिळालं नाही की घात होतो. या 'मिळायलाच हवं' वर २००४ मध्ये कीथ कॅम्पबेल आणि इतरांनी वेगळी मोजपट्टी केली. त्यांच्या एका अभ्यासात समोर गोळ्या-चॉकलेटं ठेवली होती, लहान मुलांसाठी राखलेली. ज्यांना आपला हक्क जास्त वाटत होता त्यांनी त्यांतल्याच जास्त उचलल्या.

सर : पोरांच्या तोंडचा घास.

मॅडम : हो. सर, मला कौतुकाच्या भुकेची भीती वाटत नाही. टाळी वाजवली की ती भूक भागते आणि मूल पुढे जातं. मला भीती वाटते ती हक्काची. मी तुमच्यासाठी एवढं केलं, आता गावानं माझं ऐकलं पाहिजे, आजीनं कॅमेऱ्याकडे बघितलं पाहिजे, तुम्ही मला पुरस्कार दिला पाहिजे. मदत झाली की लगेच वसुली.

आत वर्गात कोणीतरी दिवा मालवला. मुलींच्या खोलीतून अजून हसण्याचा आवाज येत होता. मॅडम जरा थांबल्या. त्यांना आणखी काही सांगायचं होतं आणि ते सरांना आवडणार नाही हे त्यांना ठाऊक असावं.

मॅडम : तुम्ही ज्या मुलीला स्वयंपाकाच्या गटाची प्रमुख केलंय ती मला जास्त विचारात पाडते.

सर : ती? अहो, ती तर पहाटे साडेचारला उठते! सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी जेवते. तिच्याएवढी निःस्वार्थी मुलगी माझ्या युनिटमध्ये नाही.

मॅडम : हे वाक्य मी आज तिच्याच तोंडून ऐकलं. दोनदा. 'माझ्याएवढं कोणी करत नाही, पण मी बोलून दाखवत नाही.' दुसरी एक मुलगी कणीक मळायला बसली तर हिनं तिला उठवलं, तुला जमायचं नाही म्हणून. गेबाउअर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये नार्सिसिझमचा हा दुसरा चेहरा दाखवला. यातली माणसं आपण सगळ्यांत हुशार किंवा बलवान आहोत असं म्हणत नाहीत. आपल्याइतकं मायाळू आणि लोकांसाठी झिजणारं कोणी नाही असं त्यांना वाटतं. त्यासाठी १६ वाक्यांची प्रश्नावली आहे. मोठेपणाची भूक तीच, फक्त मोठेपणा चांगुलपणातून मिळवायचा. पुढे २०१९ च्या एका अभ्यासात आणखी दिसलं की अशी माणसं स्वतःला फार परोपकारी समजतात, पण प्रत्यक्ष वागणं मोजलं तर परोपकार इतरांपेक्षा जास्त निघत नाही.

सर : मग ती साडेचारला उठते ते?

मॅडम : ते खरंच आहे. ती मुलगी तशीच आहे असं मी एका दिवसात ठरवणार नाही. घरीही सगळं तिच्यावरच पडत असेल आणि कोणी दखल घेत नसेल, तर ती आपल्या तोंडानं सांगणारच. तुमच्या पोराला तुम्ही जी सवलत दिलीत ती तिलाही द्यायला हवी. मी एवढंच म्हणतेय की आपण त्या पुढे-पुढे करणाऱ्या मुलावर लक्ष ठेवतो, कारण तो डोळ्यांवर येतो. सेवेच्या क्षेत्रात मोठेपणा याच वेशात जास्त फिरतो आणि ओळखू येत नाही. शिक्षकांत, समाजसेवकांत, घराघरांत.

हे ऐकताना मला आठवलं की सेवा योजनेचं ब्रीदवाक्यच 'मी'ला मागे आणि 'तुम्ही'ला पुढे ठेवतं. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांपासून ही योजना सुरू झाली, तेव्हापासूनचा तो विचार आहे. पण ज्या दिवशी 'मी स्वतःला मागे ठेवतो' याचाच अभिमान चढतो, त्या दिवशी ब्रीदवाक्य त्याला अडवू शकत नाही. हे मॅडमचं म्हणणं मला पूर्ण पटलं.

सर : मॅडम, तुम्ही सांगितलेलं सगळं अमेरिका, कॅनडा, जर्मनीतलं. तिथली मुलं अठराव्या वर्षी वेगळी राहतात. आपलं पोरगं घराचं नाव, गावाचं नाव, जातीचं ओझं, सगळं घेऊन येतं. त्याला 'मी' म्हणायलाच दोन वर्षं लागतात.

मॅडम : ही शंका रास्त आहे. म्हणून मी आकडे उचलून इथे चिकटवत नाही. मला त्यातून प्रश्न घ्यायचे आहेत, उत्तरं आपल्या मुलांत बघायची आहेत. आणि तिथेही सगळं ठरलेलं नाही. आजची पिढी जास्त आत्मकेंद्री झाली असं जीन ट्वेंगे यांनी २००८ मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांच्या ८५ नमुन्यांवरून मांडलं, फार गाजलं. त्याच वर्षी इतरांनी दुसऱ्या आकडेवारीवरून ते खोडून काढलं. २०१७ चा एक अभ्यास तर उलट उतार दाखवतो. त्यामुळे स्टाफरूममध्ये जेव्हा 'हल्लीची मुलं' म्हणून सुरू होतं ना, तेव्हा मी उठून जाते.

सर : बरं, मग करायचं काय? त्याला गटप्रमुख ठेवू की काढू?

मॅडम : ठेवा. काढलंत तर तो फक्त चिडेल, शिकणार काही नाही. मदतीचे प्रकार असतात, सर. कार्लो आणि रँडल यांनी २००२ मध्ये कॉलेजच्या मुलांसाठी त्यांची सहा प्रकारांत मोजणी केली. चारचौघांत केलेली, नाव न कळवता केलेली, आणीबाणीतली, समोरच्याची अवस्था बघून गलबलून केलेली, कुणी मागितली म्हणून केलेली आणि निव्वळ दुसऱ्याच्या भल्यासाठी केलेली. तुमचा मुलगा पहिल्या प्रकारात पास आहे. त्याला बाकीच्यांची ओळखच नाही, कारण आपण शिबिरात त्या प्रकारांना जागाच ठेवत नाही. सकाळी उठल्यापासून सगळं घोळक्यात. घोषणा, टाळ्या, फोटो.

सर : फोटोचं माझ्या हातात नाही. अहवालाला जिओ-टॅग केलेले फोटो लागतात. प्रत्येक उपक्रमाचे. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश दिसले पाहिजेत. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती आली की तेच बघते. फोटो नसेल तर तो उपक्रम झालाच नाही. मीच पोरांना सांगितलंय, एकही घर फोटोशिवाय सोडू नका.

इतका वेळ आम्ही एका मुलाच्या स्वभावाबद्दल बोलत होतो. आजीच्या हातातलं ब्लँकेट काढून घेणारा हात त्याचा होता, पण फोटोची मागणी आमची होती. विद्यापीठाची, समितीची, महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाची. ज्या मुलाला दिसायची हौस आहे तो अशा व्यवस्थेत सगळ्यांत आज्ञाधारक ठरतो, आणि जी मुलगी भांडी घासता घासता गावातल्या बाईचं दुखणं ऐकून घेते तिच्या त्या अर्ध्या तासाला अक्षांश-रेखांश नसतात. मुलांच्या आत्मप्रौढीवर बोलायचा अधिकार आम्हाला हवा असेल तर आधी हे बदलायला हवं, असं मी मध्येच बोललो. सर म्हणाले, "लिहा विद्यापीठाला. मी सही करतो." त्यांनी ते मनापासून म्हटलं.

मॅडम : फोटो लागतात तर बंधाऱ्याचे काढा. गोण्यांचे काढा. माणसाच्या घरात गेल्यावर फोन खिशात. एवढा नियम तुमच्या हातात आहे ना?

सर : आहे. उद्यापासून करतो.

मॅडम : आणि त्या मुलाला उद्या एकटं पाठवा त्या आजीकडे. सर्वेक्षणाचा फॉर्म नको, ब्लँकेट नको. तासभर बसायचं. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत ती काय करते, पाणी कुठून आणते, दुपारी एकटीला काय वाटतं, हे विचारायचं. रात्री गटात येऊन ते तिच्या जागी बसून सांगायचं, 'मी' म्हणून. हे मी हवेतलं सांगत नाही. एरिका हेपर आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम आहे. घरात मारहाण सोसलेल्या एका बाईची चित्रफीत त्यांनी मुलांना दाखवली. नार्सिसिझम जास्त असलेल्या मुलांना एरवी तिच्याबद्दल फारसं काही वाटलं नाही. पण 'तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा' एवढं सांगितल्यावर त्यांच्या मनात कळवळा आला. दुसऱ्या एका प्रयोगात हृदयाचे ठोके मोजले, तेव्हाही तसंच दिसलं. म्हणजे त्यांना कळवळा येतच नाही असं नाही. ती आपण होऊन तिकडे वळत नाहीत. वळवलं की वळतात.

सर : आणि तो रात्री ते भाषणही गाजवेल. टाळ्या घेईल.

मॅडम : घेऊ दे. पण दुसऱ्या दिवशी आजीला विचारा की तो आला होता तो कसा होता. त्याच्या मदतीबद्दल त्याला विचारून उपयोग नाही, मला आणि तुम्हालाही नाही. तिला विचारा.

सर : मग असं करतो. उत्कृष्ट शिबिरार्थी आपण सहा-सात शिक्षक मिळून ठरवतो, ते या वेळी बंद. ज्या घरांत मुलं गेली त्या घरांत मी स्वतः जाऊन विचारतो, तुमच्याकडं कोण पुन्हा आलं होतं?

मॅडम : हे जाहीर करू नका पण. केलंत तर सगळी घरोघर चकरा मारायला लागतील.

सर : मारू देत ना! जाहीरच करतो. चार म्हाताऱ्यांशी चार मुलं खोटं खोटं बोलायला गेली तर त्यातलं एखादं तासभर खरं बसेल. मॅडम, या बाबतीत मी तुमचं ऐकणार नाही. हेतू शुद्ध होईपर्यंत पोराला दारात थांबवायचं असेल तर आपण दोघंही कधी घराबाहेर पडलो नसतो.

मॅडम : मी दारात थांबवा म्हणत नाही. आत गेल्यावर त्यानं कोणाकडे बघायचं, हे शिकवा म्हणतेय. आणि जाहीर केलंत की तेही मोजमापात जाईल, हे माझं मत मी मागे घेत नाही.

इथे दोघांचं जुळलं नाही, आणि मला ते जुळवून द्यायचंही नाही. सरांच्या बाजूला पन्नास मुलांचा अनुभव आहे. मॅडमच्या बाजूला त्या एका बाईचे पुढे केलेले हात आहेत. मुलांना घराबाहेर काढायचं काम सरांसारखी माणसं करतात, आणि ती नसती तर मॅडमना शंका घ्यायलाही काही उरलं नसतं. तरी गटप्रमुख निवडायची वेळ आली तर मी आधी मॅडमचा प्रश्न विचारीन : याच्याकडून ज्याला मदत झाली, त्याला ती पुन्हा याच्याचकडून घ्यावीशी वाटेल का?

झोपायला उठताना मॅडमनी बंधाऱ्याचं काढलं.

मॅडम : गोण्यांचा बंधारा किती टिकतो, सर?

सर : नीट लक्ष ठेवलं तर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाणी राहतं. गोण्या फाटतात, खालून झिरपतं. महिन्या-दीड महिन्यानं येऊन बुजवावं लागतं.

मॅडम : ते कोण येऊन बुजवतं?

सर : खरं सांगू? गावातलंच कोणी बुजवलं तर बुजवलं. शिबिर संपलं की आपण येत नाही.

मॅडम : या वेळी या. फेब्रुवारीत. बॅनर नाही, गुण नाहीत, फोटो नाही. तुमच्या त्या पोराला विचारा येतोस का.

सर : विचारलं तर पहिला हात तोच वर करील.

मॅडम : हात करीलच हो. त्या दिवशी स्टँडवर येईल का?

सर : नाही आला तर घरी जाऊन उठवून आणीन. एसटीचं तिकीट मी काढतो. तुम्हीही चला.

मॅडम : येते. त्या स्वयंपाकाच्या मुलीलाही घ्या, आणि ज्या मुलीला तिनं कणकेवरून उठवलं तिलाही. डबे मी आणते, म्हणजे त्या दिवशी कोणाला वाढायचं काम नको.